घरच्या ठशांची शुभेच्छापत्रे – खास ‘त्यांच्या’साठी

दिवाळी महिन्यावर आली की आमच्या वसईच्या बाजारात पणत्या, आकाशकंदील आणि रांगोळीचे छापे दिसायला लागतात. मला मात्र एक जुना नाद आहे. मी शुभेच्छापत्रं शोधत दोन-चार दुकानं पालथी घालते. बहिणीसाठी, नणंदेसाठी, मैत्रिणीसाठी कार्ड निवडायला मुळीच अडचण पडत नाही. गुलाब आहेत, मोगरा आहे, पणती आहे, समई आहे. हवं ते उचला.

पण नवऱ्यासाठी, दिरासाठी, सासऱ्यांसाठी कार्ड घ्यायचं म्हटलं की पंचाईत! तिथली चित्रं ठरलेली. शिडाचं जहाज, लांबलचक परदेशी मोटार, टाय, पाईप, नाहीतर गोल्फची काठी. आता मला सांगा मैत्रिणींनो, आपल्या घरात पाईप कोण ओढतं? आमच्या घरातली एकमेव लांब काठी म्हणजे माळ्यावरची जळमटं काढायची!

शिवाय दुकानात कार्डंच आता कमी झालीत. १९८० आणि १९९० च्या दशकांत कार्डांची खास दुकानं होती, तिथे उभं राहायला जागा नसायची. आता सणाच्या सकाळी फोनवर एकच कंदिलाचं चित्र पंचवीस जणांकडून येतं. पुरुषमंडळी अंगठ्याने ते वर सरकवतात, उलट दोन जोडलेले हात पाठवतात, की झाली दिवाळी.

म्हणून म्हणते, एक तरी कार्ड यंदा घरी करा. चित्रकला यायला हवी असं काही नाही. मलाही येत नाही. मी ठशांची कार्डं करते, आणि तेही भाजीच्या टोपलीतून.

पंचाहत्तरीचा पेच

हे सगळं सुरू झालं सात वर्षांपूर्वी, आमच्या मामंजींच्या पंचाहत्तरीला.

मामंजी जन्माचे वाडीवाले. विहीर, केळी, पानवेल, मोगरा, वांगी-मिरच्या यांत त्यांचं आयुष्य गेलं. वसईची भाजी आणि फुलं टोपल्यांतून पहाटेच्या गाडीने मुंबईला जायची, त्यांतल्या काही टोपल्या आमच्या असायच्या. पुढे काळ बदलला. आजूबाजूला इमारती उठल्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, ते पुष्कळजणींना आठवत असेल. पण आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होत गेलं, मजूर मिळेनासे झाले, आणि आमच्या ह्यांनी हट्ट धरला, की आता विकून टाकू. मामंजींनी सही केली. आज त्या जागेवर चार मजली इमारत आहे, आणि तिच्याच दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो.

सही केल्या दिवसापासून मामंजी वाडीविषयी एक अक्षर बोलले नाहीत. बापलेकांचं भांडण झालं असं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं मला कधीकधी वाटायचं. “लाईटबिल भरलंस का?” “हो.” “गोळ्या संपल्यात.” “आणतो.” दोघांमधलं बोलणं एवढ्यावर आलं होतं. मामंजी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, आणि हे रात्री नऊला थकून यायचे ते थेट पानावर.

अशा माणसाला पंचाहत्तरीला काय द्यावं? आदल्या वर्षी मी दुकानातलं मोटारीचं कार्ड आणलं होतं. त्यांनी “छान” म्हटलं आणि वर्तमानपत्राखाली ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी ते रद्दीत दिसलं. त्यांचं काय चुकलं? जन्मात त्यांनी मोटारीला हात लावला नव्हता.

त्याच आठवड्यात शेजारी सत्यनारायण झाला. पूजेच्या चौरंगाला बांधलेले केळीचे चार खुंट दुसऱ्या दिवशी जिन्यापाशी पडले होते. पानं वापरावीत म्हणून मी ते घरात आणले, सुरीने पानाचा दांडा कापला आणि कापलेल्या तोंडाकडे बघतच राहिले. द्वितीयेच्या चंद्रासारखी कोर, आणि तिच्या आत बारीक जाळीच जाळी! लेकीच्या रंगपेटीतला हिरवा रंग बशीत ओतला, दांडा बुडवला आणि कागदावर दाबला. जाळीसकट कोर उठली. माझं कार्ड ठरलं.

त्या कार्डाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी कृती.

साहित्य

पांढरी किंवा फिकट रंगाची जाड कार्डशीट, पोस्टर कलरच्या चार-पाच बाटल्या (पांढरा, पिवळा, लाल, निळा, काळा एवढ्यांत सगळं भागतं), जुनं सुती कापड, एक बशी, जुनी वर्तमानपत्रं, धारदार सुरी, ब्लेड, फूटपट्टी आणि शाई संपलेलं बॉलपेन. हौस असेल त्यांनी हातकागद घ्यावा. पुण्याला हातकागद संस्था १९४० सालापासून आहे, आणि मोठ्या स्टेशनरी दुकानांतही असा कागद मिळतो. त्याचा खरखरीतपणा ठशाला फार शोभतो.

हळद, कुंकू, आलता यांनी रंगवायचा मोह होतो, पण तो टाळा. हळदीचा रंग उजेडात उडतो आणि आलता कागदावर फुटतो.

कागद असा कापा. नेहमीचा ए-फोर आकाराचा कागद आडवा मधोमध कापला की २१ सेंटिमीटर लांब आणि १४.८ सेंटिमीटर रुंद असे दोन तुकडे होतात. एका कागदात दोन कार्डं. घडी घालायच्या जागी फूटपट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढा आणि मग दुमडा. चमच्याच्या पाठीने घडी घोटली की दुकानातल्यासारखी बसते.

केळीच्या दांड्याचा ठसा

दांडा पानाच्या बुंध्याकडचा घ्यावा, तिथे जाळी मोठी असते. बोटभर लांबीचा तुकडा एकाच घावात अगदी सरळ कापावा. सुरी करवतीसारखी मागेपुढे ओढली तर जाळी फाटते. तिरका कापला तर ठसा अर्धाच उठतो. कापल्यावर दांडा उलटा धरून चीक निथळू द्या आणि मगच कापडाने टिपा. (ही सूचना माझी नाही, कुणाची ते पुढे कळेल.) केळीच्या चिकाचे डाग धुऊन जात नाहीत, तेव्हा जुनी साडी नेसूनच बसा.

बशीत कापडाच्या तीन-चार घड्या घालून तिच्यावर दाटसर रंग पसरवा, म्हणजे शाईची गादी तयार झाली. रंगात पाणी जवळजवळ नको. पातळ रंग जाळीत भरतो आणि कोरीऐवजी नुसता गोळा उठतो. कार्डाखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा. ठसा सरळ टेकवा, दाबा, सरळ उचला. डोलवायचा नाही.

या एका कोरीची किती रूपं होतात बघा! कोर वर तोंड करून उठवली की ती होडी होते. पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या कोळीबांधवाला देण्यासारखं याहून चांगलं कार्ड नाही. होडीत जाळीही आयतीच भरलेली! कोर पालथी घातली की डोंगर होतो, दोन-तीन शेजारी काढले की जीवदानीच्या डोंगराची रांग. ओळीने एकाखाली एक, मधल्या फटीत पुढची कोर, असे ठसे मारले की माशाचे खवले दिसतात.

टोपलीतले आणखी ठसे

*लिंबू.* आडवं कापा आणि तासभर वर्तमानपत्रावर पालथं ठेवून रस निथळू द्या. आतल्या फोडींचे पडदे चाकाच्या आऱ्यांसारखे उठतात. दोन चाकं शेजारी काढा, पेनाने चार रेघा जोडा, की सायकल तयार! माझा भाऊ नालासोपाऱ्याहून रोज सायकलने शाळेत जायचा. भाऊबिजेला त्याला हेच कार्ड दिलं.

*भेंडी.* कोवळी नको, जरा जून घ्या. देठाजवळ कापली की पाच कोनांचा ठसा उठतो. आपल्याला तो फूल वाटतो, म्हणून आपण तो बायकांच्या कार्डावर टाकतो. पण काळ्या किंवा करड्या रंगात, एकमेकांना खेटून दोन-तीन ठसे मारा. यंत्राची दातेरी चक्रं दिसतील. कारखान्यात काम करणाऱ्या भाच्याला हे देऊन बघा. आणि तीच भेंडी गडद निळ्या कागदावर पांढऱ्या रंगात उठवली की नाताळची चांदणी होते. आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे. नाताळात त्यांच्या दारावरची चांदणी लागली की आमच्या घरातही उजेड येतो. तिथल्या काकांना दर वर्षी माझं चांदण्यांचं कार्ड जातं, आणि त्यांच्याकडून नाताळचा फराळ येतो.

*विड्याचं पान.* वसईपासून केळवे-माहीमपर्यंतच्या पानमळ्यांचं नाव पूर्वीपासून आहे. दुकानातल्या कार्डावरचा तो लाल बदाम नवऱ्याला द्यायचा म्हणजे या वयात लाजल्यासारखं होतं. विड्याचं पान घ्या, आकार तोच! पानाच्या पाठीला, जिथे शिरा वर आलेल्या असतात तिथे, बोटाने हलका हिरवा रंग लावा. ती बाजू कार्डावर ठेवा, वर कागद घाला आणि तळहाताने दाबा. लाटणं फिरवलं तरी चालेल, पण हलक्या हाताने. प्रत्येक शीर उठते. ज्यांना जेवणानंतर पान लागतं, त्यांना कार्डाचा अर्थ सांगावा लागत नाही.

*बटाटा.* मनाजोगता आकार कोरायचा तर बटाट्यासारखा गरीब प्राणी नाही. एका घावात अर्धा करा, कापलेली बाजू कापडावर दहा मिनिटं टेकवून पाणी टिपा. मग आकार काढून बाजूचा भाग अर्धा सेंटिमीटर खोल कापून टाका. चहाचा कप, छत्री, चष्मा, पतंग असे साधे आकार घ्या. बटाट्याचा ठसा एकाच दिवसाचा. दुसऱ्या दिवशी तो सुरकुततो.

कायमचे ठसे

वर्षानुवर्षं वापरायचा ठसा हवा असेल तर शाळकरी मुलांचं खोडरबर घ्या. आता अक्षरं उलटी कोरायची कशी, हा सगळ्यांना पडणारा प्रश्न. युक्ती सोपी आहे. मऊ पेन्सिलीने कागदावर नाव किंवा चित्र नेहमीसारखं सरळ काढा. तो कागद खोडरबरावर पालथा घालून नखाने घासा. पेन्सिलीची खूण रबरावर आपोआप उलटी उतरते. तिच्या बाजूचा भाग ब्लेडने कोरून काढा. ठसा मारला की अक्षरं सुलट!

मोठा ठसा हवा तर झिजलेल्या हवाई चपलेचा तळ फेकू नका. त्याचा तुकडा धुऊन, आकार कापून सुताराकडच्या लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवा. या ठशांना कचेरीतली शाईची गादीही चालते.

आमच्या ह्यांचं कार्ड मी अशाच खोडरबराने केलं. दीड सेंटिमीटर लांबीचा एक डबा, त्याला दोन खिडक्या, बस्स. उघड्या कार्डाच्या बाहेरच्या बाजूने या कडेपासून त्या कडेपर्यंत तो डबा बारा वेळा मारायचा. मधे अगदी थोडी फट ठेवली तरी २१ सेंटिमीटरमध्ये बारा डब्यांची अख्खी गाडी बसते. कार्ड मिटलं की अर्धी गाडी पुढे, अर्धी मागे. विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सुटली १२ एप्रिल १८६७ रोजी. तेव्हापासून आपल्या भागातल्या किती पुरुषांचं आयुष्य त्या गाडीच्या दांड्याला लटकून गेलं असेल! तीस वर्षं रोज तीन तास गाडीत घालवणाऱ्या माणसाच्या कार्डावर शिडाचं जहाज कशाला?

आणखी एक हौशी कल्पना. घरात कुणाचं सहस्रचंद्रदर्शन असेल तर मोठ्या निळ्या कागदावर पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराने पांढरे ठिपके उठवा. चाळीस-चाळीस ठिपक्यांच्या पंचवीस ओळी, म्हणजे हजार चंद्र. आमच्याकडे गेल्या वर्षी मामंजींच्या वेळी वीस माणसं जमली होती. प्रत्येकाने पन्नास ठिपके मारले. लहानांचे वाकडे, मोठ्यांचे सरळ. कुठले कुणाचे हे ओळखण्यात अख्खी दुपार गेली.

ठसा काही नवा नाही

कुणी म्हणेल, भाजीचे ठसे म्हणजे पोरखेळ. तसं नाही. बाजारात विकलं गेलेलं पहिलं नाताळचं छापील कार्ड १८४३ साली लंडनला हेन्री कोल या गृहस्थांनी काढवून घेतलं, आणि त्यावरचे रंगही हातानेच भरलेले होते. जपानात नववर्षाची पोस्टकार्डं पाठवायची मोठी रीत आहे. त्यांच्यासाठी बटाट्यावर आणि खोडरबरावर ठसे कोरणारी घरं तिथे आहेत.

आणि आपल्याकडे तर ठशाचा केवढा मान! ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण सहज वापरतो. मराठ्यांच्या कागदपत्रांत शिक्का असे तो अधिकाराचा, आणि मजकूर संपला तिथे लहानशी मोर्तब असे. ती उठली की पुढे कुणाला एक अक्षर घुसवता येत नसे. शिवछत्रपतींची मुद्रा अष्टकोनी होती, हे आपण शाळेत शिकलो. मी खोडरबराच्या टोकावर एक चिमुकला अष्टकोन कोरला आहे, आत माझं आद्याक्षर. कार्डाच्या शेवटी तो उठवला की माझी मोर्तब झाली. तुम्हीही करून घ्या. मुलांना याचं भारी कौतुक वाटतं.

आत काय लिहावं?

पुरुषांना लांबण आवडत नाही, आणि आपल्याला लिहायला संकोच वाटतो. तेव्हा एकच ओळ लिहा, पण त्या माणसाचीच लिहा. “आपणांस दीर्घायुष्य लाभो” हे कुणालाही लिहिता येतं. “तुम्ही शिकवलेली सायकल अजून विसरले नाही” हे एकाच भावाला लिहिता येतं.

नवऱ्याचं नाव घ्यायला आपल्याला उखाणा लागायचा. तोच उखाणा कार्डात का नको? पाडव्याला ओवाळताना ताटाखाली मी ते बारा डब्यांचं कार्ड ठेवलं होतं. आत लिहिलं होतं,

बारा डब्यांची गाडी, विरार तिचं गाव,
डोळे लागतात दाराशी, ओठांवर … रावांचं नाव.

हे वाचून म्हणाले, “पंधरा डब्यांचीही असते हल्ली.” पण कार्ड खिशात गेलं, हे मी पाहिलं.

या चुका टाळा

पहिला ठसा कधीही कार्डावर मारू नका. रद्दीवर एक-दोन मारून बघा, रंग मापात येतो. एक ठसा वाळल्याशिवाय त्याच्यावर दुसरा नको. पोस्टर कलर ओला असताना कार्ड मिटू नका, उघडल्यावर सालं निघतात. रात्रभर उघडं ठेवा, पण पंख्याखाली नको. कार्डाचा चौथाई भागच ठशांनी भरा, बाकी मोकळा सोडा. आपल्याला सगळीकडे वेलबुट्टी काढायची सवय, ती इथे आवरावी लागते.

रंगांचं म्हणाल तर पुरुषांसाठी निळा आणि तपकिरीच हवा, असं कुणी ठरवलं? मामंजींचा आवडता रंग केळफुलाचा लालसर जांभळा आहे. विचारल्याशिवाय मलाही कुठे ठाऊक होतं?

आणि मामंजींचं कार्ड

पंचाहत्तरीच्या संध्याकाळी औक्षण झालं, पेढे वाटून झाले, मंडळी गेली. मामंजी गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. वर हिरव्या कोरीचे पाच ठसे होते, केळीच्या पानासारखे पसरलेले. त्यांनी चष्मा पुसला. कार्ड डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. माझ्या मनात आलं, झालं, हेही वर्तमानपत्राखाली जाणार.

“हा बसराईचा दांडा,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “शेजारच्या सत्यनारायणाचे खुंट होते. कुठल्या केळीचे ते मला काय ठाऊक!”

“बसराईच. तोंड बघ किती उघडं आहे. राजेळीच्या कडा आत वळतात. अशा.” आणि त्यांनी आपला तळहात वळवून मला दाखवलं. दांड्याच्या पन्हळीचा आकार जातीजातीत वेगळा असतो आणि जाणकार त्यावरून केळ ओळखतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ते बोलायला लागले. राजेळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून सुकेळी कशी करायची. वाळल्यावर ती केळीच्याच सुक्या पानात कशी बांधायची. कुठल्या घडाला टेकू लागायचा आणि कुठली केळ आपल्या पायावर उभी राहायची. विहिरीवरचा रहाट कसा कुरकुरायचा, आणि तो थांबला की सासूबाईंना झोपेतून कशी जाग यायची. मी नुसती ऐकत होते. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि यातलं काही मी ऐकलेलं नव्हतं.

नऊच्या सुमाराला हे आले. दारात चपला काढताना त्यांनी आवाज ऐकला आणि तिथेच थांबले. पिशवी खुंटीला लावली. एरवी हात धुऊन पानावर बसायचे, त्याऐवजी स्टूल ओढून गॅलरीत आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “बाबा, विहिरीच्या अंगाला ती उंच केळ होती, ती राजेळीच ना?”

मामंजींनी त्यांच्याकडे पाहिलं. “तीच. तुला आठवते?”

“आठवते.”

त्या रात्री मी आमटी दोनदा गरम केली.

वाडी काही परत आली नाही. ती विकली ते चूक की बरोबर, यावर दोघं अजूनही बोललेले नाहीत, आणि कदाचित बोलणारही नाहीत. पण रविवारी सकाळी हे गॅलरीत स्टूल टाकतात, आणि लाईटबिलाच्या पलीकडचं बोलणं निघतं. कार्ड अजून मामंजींच्या कपाटाच्या काचेत उभं आहे.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. मामंजी दाराशी येऊन म्हणाले, “सूनबाई, तो दांडा तू तिरका कापलास. ठसा एका अंगाला पुसट आलाय. एका घावात सरळ काप. आणि आधी चीक निथळू दे.” तेव्हापासून दर दिवाळीला ते ओळखीच्या वाडीतून दांडे मागवतात आणि कापतातही स्वतःच. बाकीचे ठसे माझे, केळीचा त्यांचा.

तेव्हा मैत्रिणींनो, दिवाळीला अजून वेळ आहे. ज्याला कार्ड द्यायचं त्याच्या हाताला आयुष्यभर कशाची सवय होती, एवढं आधी आठवून बघा. जाळ्याची, स्टिअरिंगची, कात्रीची, खडूची, की नांगराची. मग भाजीची टोपली पुढे ओढा. आणि केळीचा दांडा कापायला घेतलात तर साडी मात्र जुनीच नेसा!